सतरा प्रती माहितीसाठी

सोनुबाई आपल्याला सोडून दुसऱ्याकडं गेली, हे आवडीला झेरॉक्सच्या मशीनवर कळलं.

खालापूरच्या तहसील कचेरीसमोर ओमकारचं दुकान आहे. त्याच्या काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात आवडी कोळंबेचं स्टूल असतं, ओमकारच्या बापाच्या वेळेपासून. स्टूल तिचं, पंखा ओमकारचा आणि चहा ज्याचा अर्ज त्याचा, असा कारभार. त्या दिवशी ती आली तेव्हा ओमकार मशीनमधून गरम कागद काढत होता. वरच्या कागदावर इंग्रजी मजकूर, पोलिसांचा गोल शिक्का आणि मधोमध नाव, सोनुबाई पोशा पादीर.

“हे कोणाचं काम रं?”

“वकीलबाईंचं.”

“कोण वकीलबाई?”

ओमकारनं उगाच मशीनचं झाकण उघडून बंद केलं. “रोहिणीताईंचं.”

“ताई कधी झाली ती? तुझ्याहून दोन वर्षांनी लहान हाय.”

“काळा कोट घातला की ताईच बोलायचं,” ओमकार म्हणाला. “पोटासाठी करावं लागतं, आवडीताई.”

आवडीनं नोटीस उचलून वाचली. इंग्रजी तिला सगळं येत नाही, पण सरकारी इंग्रजी येतं. सोनुबाईच्या नावावरच्या एका मोबाइल नंबरवरून परराज्यात कुणाला तरी फसवलं गेलं होतं आणि तिकडच्या पोलिसांनी तिला एकोणीस तारखेला हजर राहायला फर्मावलं होतं. सोनुबाई, जी कल्याणच्या पुढं कधी गेली नाही. आवडीच्या डोक्यात आधी काय यायला हवं होतं? ही बाई आता काय करणार, हे. ते आलं, पण दुसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबरावर आलं ते हे, की माझ्याकडं का नाही आली.

आवडी सातवी शिकलेली. साजगावच्या एका कारखान्यात सहा वर्षं पॅकिंगला होती. बायकांना संडास नाही म्हणून तिनं मॅनेजरच्या टेबलासमोर बायका बसवल्या. संडास झाला, आवडी बाहेर. त्या रागात तिनं रद्दीतून कायद्याचं जाड पुस्तक आणलं आणि नवऱ्याच्या टेंपोत बसून वाचून काढलं, रसायनीपर्यंत जाताना आणि परत येताना. मग रेशन, मग वनहक्काचे दावे, मग जातीचे दाखले. माथेरानच्या कुशीत चौक गावाच्या वर ठाकूर आदिवासींच्या ज्या वाड्या आहेत, तिथं तिचं नाव घेतलं की ग्रामसेवक जेवण अर्धं टाकून ऑफिसात यायचा. हे मी वाढवून सांगत नाही, दोन वेळा झालेलं आहे.

तिची कामाची एक रीत होती. अर्जाला सगळ्यांची नावं, नावापुढं अंगठे, प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागं जोडलेली, आणि शेवटी ‘प्रत माहितीसाठी सविनय रवाना’ असं लिहून सतरा ठिकाणं. ग्रामपंचायतीपासून राजभवनापर्यंत. “एका टेबलावर अर्ज गेला तर साहेब त्याच्यावर चहाचा कप ठेवतो,” ती सांगायची. “सतरा टेबलांवर गेला तर त्याला वाटतं, बाकीच्या सोळांनी वाचला असंल.” या रीतीनं सोनुबाईच्या वाडीला पाण्याची टाकी मिळालेली आहे.

आणि रोहिणी पारधी? ती त्याच वाडीची. बारावीनंतर तिचा जातीचा दाखला अडला तेव्हा आवडी प्रांताच्या ऑफिसच्या पायरीवर तीन दिवस बसली होती. पोरगी शिकली, वकील झाली, तालुका विधी सेवा समितीच्या यादीवर आली. त्या समितीतून आदिवासींना आणि बायकांना वकील फुकट मिळतो. पेढे घेऊन रोहिणी पहिल्यांदा आवडीकडंच आली होती. आवडीनं तोंड भरून आशीर्वाद दिला होता. पण आशीर्वाद देताना माणूस काही असं धरून चालत नाही, की उद्या ही आपल्याच समोर दुकान टाकंल.

दुपारी आवडी वाडीवर चढली. सोनुबाई ओट्यावर बसून होती, आणि तीच मोठी खूण होती, कारण ती त्या वेळेला माथेरानच्या हॉटेलात भांड्यांवर असायची.

“मालकाला नोटिसीचं कळलं,” सोनुबाई म्हणाली. “पोलिसांचा कागद आन, तू चोर नाय असा, मग ये बोलला.”

“मग माझ्याकडं का नाय आलीस गं? मेले होते का मी?”

सोनुबाईनं पायाजवळची कोंबडी हाकलली. “तुमी वराडता, ताई.”

“मी साहेबांवर वराडते.”

“आधी साहेबावर. मग येताना वाटंत आमच्यावर बी. हे का नाय आनलं, ते का नाय बोललीस. माझा जीव आधीच कापतोय.” मग म्हणाली, “रोहिणी आमच्या बोलीत सांगते. दोनदा इचारलं तरी सांगते.”

बावीस वर्षं आवडी ही वाट चढत होती. त्या बोलीतलं तिला सगळं समजायचं. फक्त तिच्या तोंडून ती बोली कधी निघाली नव्हती, आणि ते कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं. आज दाखवलं.

तेवढ्यात खालून स्कूटरचा आवाज आला. रोहिणीनं अंगणवाडीच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं होतं. माणसं उठली, बायका पोरं काखोटीला मारून निघाल्या. आवडीला कुणी ‘चला’ म्हटलं नाही, पण ‘नको’ही म्हटलं नाही, म्हणून ती गेली आणि सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसली. रोहिणीच्या स्कूटरच्या हुकाला शेवळांच्या रानभाजीच्या दोन जुड्या लटकत होत्या. दर ज्येष्ठात ती शेवळं आवडीच्या घरी यायची. या वर्षी आली नव्हती. पाऊस कमी असेल, असं तिनं धरलं होतं.

“कंपनीनं तुमाला मार्चमधी मेसेज पाठवला व्हता इंग्रजीत,” रोहिणी म्हणाली. “कोनी वाचला?”

“आमाला वाटलं, रिचार्ज संपला,” साईनाथ नावाचा गडी म्हणाला आणि सगळे हसले.

साजगावच्या कारखान्यांना माणसं पुरवणारी ती कंत्राटी कंपनी. वाडीतल्या एकेचाळीस जणांनी कधी ना कधी तिच्याकडं काम केलेलं. कामाला घेताना तिनं सगळ्यांचे आधार, अंगठे घेतले होते आणि गेटवर मोबाइल तोंडासमोर धरून हजेरीचे फोटो. ती सगळी माहिती कंपनीच्या कॉम्प्युटरातून चोरीला गेली होती आणि त्या माहितीवर कुणी तरी सिमकार्डं काढली होती. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. रोहिणीनं सोनुबाईचं पाहिलं, तर सात.

“सात,” सोनुबाई शेजारणीला म्हणाली. “माझा फोन एक. त्याला बी रबर लावून धरलाय.”

“त्यातली सहा आपली नायत म्हणून कळवलंय, बंद होतील,” रोहिणी म्हणाली. “सायबर फसवणुकीच्या १९३० वर तक्रार केली, तक्रारीचा नंबर घेतलाय. तिकडच्या पोलिसांना लिहिलंय, की हिचा जबाब इथल्या ठाण्यात घ्या. आणि कंपनीला पत्र गेलंय, काय काय गेलं ते लेखी सांगा म्हणून.”

“भरपाई?” साईनाथनं विचारलं.

“लोकांची माहिती जपायचा नवा कायदा आलाय, पन त्यातली आपल्या कामाची कलमं अजून लागू व्हायचीत. झाली तरी दंड सरकारात जमा व्हनार, तुमच्या हातात नाय. भरपाई मागायची तर जुना आयटी कायदा, त्याचं कलम त्रेचाळीस अ. नवा पुरता लागू झाला की ते कलम जानार, म्हनून आताच मागायची. मंत्रालयात, आयटीचे सचिव ऐकतात. पन कंपनीचं उत्तर आलं की मग. घाई करायची नाय.”

मागून आवडी बोलली. “घाई करायची नाय, हे वकिलांना लगेच शिकवतात वाटतं.”

रोहिणी हसली. “ताई, पुढं या ना. तुमी मागं बसलात तर मला साहेब झाल्यासारखं वाटतं.”

हे तिनं सरळ मनानं म्हटलं असेल. आवडीला ते लागलं. आणि पुढं रोहिणी म्हणाली, की यापुढं आधारची झेरॉक्स कुणालाही द्यायची नाही, मलासुद्धा नको, शेवटचे चार आकडे सांगा, बास. यावर माणसांनी वळून आवडीकडं पाहिलं नाही, पण आवडीला सगळे पाहत असल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नामा टेंपो लावून घरात आला. बायकोनं भाकरी अशी आपटली, की त्याला विचारावंच लागलं.

“ती चार आकडे घेते,” आवडी म्हणाली. “चार आकड्यांनी सरकार हलतं का? मी तिला दाखला मिळवून दिला.”

“दाखला दिलास ना? मग ती पोरगी वकील झाली. काम फत्ते झालं,” नामा म्हणाला. “तू तर अशी बसलीयस, जशी हरलीस.”

“तुमाला काय कळतंय?”

“मला टेंपोचं कळतं. मागची गाडी हॉर्न मारत असली आणि पुढं जाऊ शकत असली, तर बाजू द्यायची.”

आवडीनं त्याला दुसरी भाकरी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला ती दुकानात होती. घरातल्या ट्रंकेत वाडीच्या माणसांची कागदपत्रं होतीच, रेशनच्या आणि वनहक्काच्या वेळची. त्यातली एकेचाळीस जणांची तिनं काढून आणली. मग अर्ज लिहिला. त्यात कंपनीला असं धुतलं, की ओमकार टाईप करता करता दोनदा थांबून हसला. चौथ्या परिच्छेदात तिनं लिहिलं, ‘या सर्व कुटुंबांची कागदपत्रे गेली बावीस वर्षे माझ्याच ताब्यात असून मी ती वेळोवेळी सतरा कार्यालयांकडे सादर करून त्यांना न्याय मिळवून दिलेला आहे.’ त्या परिच्छेदाचं कामच नव्हतं. तो सरकारला लिहिलेला नव्हता. तो रोहिणीला लिहिलेला होता.

“ताई, आधार पण स्कॅन करायचे? एकेचाळीस?” ओमकारनं विचारलं.

“पुरावा नको का?”

“आणि ग्रुपवर पण हीच फाइल टाकू?”

तालुक्याच्या बातम्यांचा तो व्हॉट्सअॅप ग्रुप. आठशे माणसं, त्यात पत्रकार सहा. “टाक,” आवडी म्हणाली. “आजच्या आज दिसलं पायजे, आधी कोण पोचलं ते.”

चार वाजता एका यूट्यूबवाल्याची बातमी लागली, ‘आवडीताईंचा एल्गार’. खाली तिचा जुना फोटो, मोर्चातला, हात वर केलेला. तिनं ती बातमी नामाला दाखवली, शेजारणीला दाखवली आणि मग कुणीच नसताना परत एकदा स्वतः पाहिली. बातमीच्या मागं फाइलीची पानं सरकत होती आणि त्यात सोनुबाईचा आधार नंबर, पत्ता, जन्मसाल, सगळं स्वच्छ दिसत होतं. ते तिनंही पाहिलं. नेहमीचंच पान होतं, नवीन काय पाहायचं त्यात?

नवव्या दिवशी रोहिणी तिच्या दारात आली. काळा कोट नव्हता, केस स्कूटरवर उडालेले.

“बस. चहा टाकते,” आवडी म्हणाली. मनात तिला गोडच वाटलं होतं. आली शेवटी.

“चहा नको ताई. कंपनीचं उत्तर आलंय.” आणि उभ्याउभ्याच तिनं वाचायला घेतलं. कंपनीच्या वकिलानं लिहिलं होतं, की आमच्याकडं चोरी झाली असली, तरी तक्रारदारांच्या नावावरची सिमं त्याच माहितीवर निघाली याला पुरावा नाही. त्यांच्याच कार्यकर्त्या आवडी कोळंबे यांनी लेखी कबूल केलं आहे, की ही कागदपत्रं बावीस वर्षं त्या सतरा-सतरा कार्यालयांना वाटत आल्या. शिवाय अलीकडंच त्यांनी ती आठशे जणांच्या ग्रुपवर टाकली. सोबत परिच्छेद चारची प्रत आणि ग्रुपचा फोटो जोडला आहे.

आवडीनं गॅस बंद केला. तिला राग यायला हवा होता, तो तिचा हुकमी. तो आला नाही, आणि त्यानं ती जास्त घाबरली.

“फाइल ग्रुपवरून काढ म्हणून सांगते ओमकारला.”

“मी काढायला लावली. बातमीवाल्याला पन सांगितलं. पन ज्यांनी घेतली त्यांनी घेतली. साईनाथला काल दोन फोन आले, आम्ही पोलीस बोलतोय म्हणून.”

“सोनुबाईला?”

“तिला मी फोन बंद ठेवायला लावलाय.”

मग रोहिणीनं पिशवीतून आणखी एक कागद काढला. पोलिसांकडून मागवलेला, सोनुबाईच्या नावावर घेतलेल्या सिमच्या अर्जाचा. आवडीनं तो हातात घेतला आणि उजेडात नेला. अर्जावरच्या फोटोत सोनुबाई घाबरल्यासारखी सरळ बघत होती. डोक्यावर जाळीची टोपी होती, मागं निळा पत्रा.

“ही पॅकिंगची टोपी हाय,” आवडी म्हणाली. “आणि पत्रा साजगावच्या गेटचा. मी सहा वर्षं त्या गेटातून गेलीय.”

“तुमच्या ट्रंकेत असा फोटो हाय?”

“माझ्याकडं सगळे आधारवरचेच, काळेकुट्ट. असा कुठून येणार? हा तर कंपनीनंच काढलेला.”

“तेच,” रोहिणी म्हणाली. “सिम निघाली एप्रिलमध्ये, तुमची फाइल जूनमध्ये. तुमच्याकडं काय होतं, काय नव्हतं, कुठं कुठं दिलं आणि ग्रुपवर कोणत्या तारखेला टाकलं, हे शपथेवर लिहून द्या. मग कंपनीचं म्हणणं टिकत नाय. तिकडच्या पोलिसांना पण तेच जोडते.”

“आणि मी चुकले, असं पण लिहायचं.”

“आधार नंबर असा जाहीर टाकता येत नाय, ताई. उद्या कोणी त्यावरून तुमच्यावरच तक्रार करू शकतं. ते मी आधी सांगते, मग सही करा. नाय केलीत तर मी दुसरी वाट बघेन.”

“दुसरी वाट हाय?”

“नाय,” रोहिणी म्हणाली. “आणि आज बारा तारीख हाय.”

दुसरी कुणी असती, दोन शब्द सुनावले असते, तर आवडीला सोपं गेलं असतं. भांडणात ती कधी हरलेली नाही. ही पोरगी भांडतच नव्हती. दारात उभी राहून घड्याळ बघत होती, कारण तिला अजून दोन वाड्या करायच्या होत्या. पूर्वी लोकांच्या दारात उभं राहून असं घड्याळ आवडी बघायची.

प्रतिज्ञापत्र आवडीनं स्वतःच्या हातानं लिहिलं, ते मात्र कुणाला लिहू दिलं नाही. रोहिणीनं त्यातल्या तीन ओळी खोडल्या.

“निःस्वार्थ सेवा, हे काढते.”

“खोटं हाय का?”

“खरं हाय. पन कामाचं नाय.”

कचेरीच्या आवारात नोटरीच्या टेबलावर तिनं सही केली. नोटरी तिला ओळखत होता, त्याच्याविरुद्ध एकदा तिनंच अर्ज केलेला होता. त्यानं सगळं सावकाश वाचलं, ‘व्हॉट्सअॅपवर प्रसारित केले ही माझी चूक आहे’ या ओळीवर बोट ठेवून थांबला, मग शिक्का मारला. ओमकारनं प्रती काढल्या. किती काढू, हे त्यानं रोहिणीला विचारलं. आवडी पंख्याकडं बघत बसली.

सोनुबाईचा जबाब इथल्याच ठाण्यात झाला. एकोणीस तारखेला तिला कुठं जावं लागलं नाही. महिना संपता संपता तिकडच्या पोलिसांचं पत्र आलं, की ही बाई आरोपी नाही, हिच्याच नावाचा गैरवापर झालेला आहे. भरपाईचा अर्ज मंत्रालयात दाखल झाला, त्याची तारीख पडते आहे. ते लांबेल. कंपनीचे वकील मोठे आहेत. पण दाखल झाला, जुनं कलम जिवंत असताना झाला, आणि आवडीवर अजून तरी कुणी तक्रार केलेली नाही.

पत्र घेऊन सोनुबाई आवडीच्या घरी आली, दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी कुठं गेली होती, हे आवडीनं विचारलं नाही. पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं.

“हॉटेलात कधीपासून?”

“उद्यापासून. मालक बोलला, ये.”

“बरं झालं.” मग तिला राहवलं नाही. “काय बोलली गं ती, माझ्याबद्दल?”

“कोन?”

“तुझी वकील.”

“काय नाय.”

“काय नाय म्हणजे? एवढं झालं, काय तरी बोलली असंल.”

सोनुबाईनं खरोखर आठवून पाहिलं. “नाय, ताई. तुमचं नावच निघालं नाय. तिला वेळ कुठं असतो.”

यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. आवडी पदरानं तोंड पुसत उठली, पण सोनुबाई दारातच उभी राहिली.

“ताई, माझी कागदं द्या. तुमच्याकडची.”

“कसली?”

“आधारची, रेशनची. जंगलाच्या दाव्याची. रोहिणीनं समद्यांना सांगितलंय, ज्याच्याकडं आपली कागदं हायत त्याच्याकडं मागायची. कंपनी असो नायतर कोनी असो. आपला हक हाय.”

“मी कोनी का गं?” आवडीचा आवाज चढला. बावीस वर्षं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण सोनुबाईनं मान खाली घातली नव्हती. जीव कापत असल्याचं कुठं दिसत नव्हतं. काउंटरवर बाबूसमोर बाई कशी उभी राहते, हे आवडीला पक्कं ठाऊक होतं, आणि ही तशी उभी होती. हिला हे कुणी शिकवलं? याचं उत्तर रोहिणी आहे असं तिला आधी वाटलं, आणि मग ते सगळंच खरं नाही, हेही तिला कळलं. कळून बरं काही वाटलं नाही.

तिनं ट्रंक ओढली आणि पादीर लिहिलेलं पुडकं काढलं. सोनुबाईनं दोरी सोडली, एकेक कागद जमिनीवर मांडला, वाचता येत नव्हतं तरी शिक्क्यावरून ओळखत गेली. मग वर पाहिलं.

“दाव्याचा नकाशा नाय यात.”

“असंल. बस तू, शोधते.”

“उभी हाय मी,” सोनुबाई म्हणाली.

आवडीनं कंबर वाकवून ट्रंकेत तोंड घातलं. तळाशी गठ्ठ्यावर गठ्ठे होते, उरलेल्या चाळीस जणांचे, आणि उद्यापासून ती चाळीस माणसं एकेक करून येणार होती.